केशरबाईच्या दारातले बूट

घोडेगावच्या बाजारात जुने बूट विकणाऱ्या छगनला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. त्याच्या ताडपत्रीवरचा जोड लोक उचलतात तो टाच कमी झिजलेली बघून. ही बाई मात्र एकेक बूट उलटा करून सगळ्यात झिजलेला शोधत होती.

"मावशी, ह्यो घ्या. नव्यावानी हाय," छगन म्हणाला.

"नव्यावानी नगं. वापरलेला दिसला पायजे."

"बरं, माप काय मालकांचं?"

केशरबाईने ताडपत्रीवर हाताची वीत टेकवली आणि पुढे दुसऱ्या हाताची तीन बोटं ठेवली. तिचा नवरा गोरक्षनाथ जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं, पण हाताला माप पाठ होतं. खरं तर मापाची गरजच नव्हती. हे बूट कुणी घालणार नव्हतं.

कल्पना तिच्या लेकीची, पंकजाची. मागच्या महिन्यात एका रात्री वस्तीवर कुणीतरी दाराची कडी हलवून गेलं. केशरबाई घरात एकटी. सकाळी तिने शिर्डीला लेकीला फोन केला, तेव्हा पंकजा म्हणाली, "आई, दारात बापयाचे बूट ठेव. घरात कुनीतरी हाय असं वाटंल. आन नवे ठेवू नको, लगेच कळतंय." सल्ला फुकटचा होता आणि शहाणपणाचाही. "माझ्याकडं ये" एवढं मात्र पंकजा म्हणाली नाही. तिच्या दोन खोल्यांत सासूसासरे, दोन पोरं. पाय ठेवायला जागा नाही हे केशरबाईला कळत होतं. कळत होतं म्हणून लागलं नाही, असं नाही.

तरी ती ताडपत्रीपुढे बराच वेळ उकिडवी बसून राहिली. परक्याचे जोडे घरात आणले की त्याची पीडाही मागे येते, असं तिची सासू म्हणायची. आणि गोरक्षनाथाच्या वहाणा तर तिने तेराव्याला स्वतःच्या हाताने देऊन टाकल्या होत्या. आपलं माणूस गेलं तर त्याचं पायताण ठेवायचं नाही, आणि कुण्या लांबच्या माणसाचं विकत आणून दारात मांडायचं! तिला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. शेवटी तिने एक तपकिरी जोड पिशवीत घातला.

बुटांनी काम चोख केलं. कडीला पुन्हा कुणी हात लावला नाही. फक्त साळूबाईही यायची बंद झाली.

साळूबाई शेजारच्या वस्तीवरची. दिवस कलला की ती रोज यायची, ओट्यावर बसून मिसरी लावायची आणि सुनेची तीच ती गाऱ्हाणी उगाळायची. केशरबाईला त्या गाऱ्हाण्यांचा वीट आला होता. आता ती कानावर पडेनात, तर तिला चहाही गोड लागेना. चार संध्याकाळी गेल्या, पाच गेल्या. ती दोन कप मांडायची आणि एक परत फडताळात ठेवायची. सुनेनंच अडवलं असेल, की आपलंच काही बोलणं लागलं असेल, याचा तिने डोकं दुखेपर्यंत विचार केला.

मग एके सकाळी साळूबाई पिठाच्या गिरणीवर भेटली.

"बरं न्हाई का तुमाला?" केशरबाईने विचारलं.

"मला काय धाड भरलीय! तुझ्याकडं बापय मानूस हाय, कशी येऊ मी? बांधावरनं बूट दिसत्यात की. दीर आलाय व्हय?" साळूबाईने आवाज खाली आणला. "पाव्हना गेला की सांग, बाई. मलाबी करमत न्हाई."

खरं काय ते केशरबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण साळूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. दळण व्हायच्या आत गावभर झालं असतं, आणि कडी हलवणाऱ्याच्या कानावरही गेलं असतं. तिने नुसती मान हलवली.

घरी येईपर्यंत तिचं ठरलं. रात्र काय, दिवा चालू ठेवून, कडीला फडकं बांधून, निघते कशीतरी. संध्याकाळ निघत नाही. बूट रात्रीपुरते मांडावेत, तर पहाटे बांधावरून साळूबाईला दिसायचे आणि ती पुन्हा यायची बंद व्हायची. तिने बूट उचलले आणि बाजरीच्या कणगीमागे टाकले.

दिवस कलला तशी साळूबाई बांधावरून आली, दार बघितलं आणि थेट ओट्यावर बसली. केशरबाईने दोन्ही कप भरले.

"गेला का पाव्हना?"

"गेला."

"आता कवा यायचा?"

"न्हाई यायचा आता."

एवढं म्हणायचा अवकाश, केशरबाईला हुंदका फुटला. गोरक्षनाथ गेला तेव्हा आल्यागेल्यांचं चहापाणी बघताना तिला धड रडताही आलं नव्हतं. ते सगळं आज बाहेर आलं, आणि थांबेना. साळूबाईने कप खाली ठेवला आणि सरकत येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"भांडून गेला का काय? रडू नगं, केशर. राग निवला की यील माघारी."

केशरबाईने पदराने तोंड पुसलं.

"व्हय," ती म्हणाली, "यील."