मागच्या खोलीचा रंग

माझी मावशी कधीच भांडत नाही. भांडणात राग वाया जातो, असं तिचं म्हणणं. तिच्या धाकट्या जावेला वाटायचं, थोरलीला रागच येत नाही.

मावशीचे यजमान गेले तेव्हा दिराने आणि जावेने तिचं सामान घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. "तात्पुरतं हो ताई," जाऊ म्हणाली. "मागे खोली बांधतोय, ती तुमचीच." मावशी त्या खोलीसाठी जीव तोडून राबली. विटा वाहिल्या. प्लास्टर झाल्यावर सकाळ-संध्याकाळ पाइप धरून भिंतींवर पाणी मारलं. शेवटी गवंडी तिला म्हणाला, "बास आता, सुकू द्या. आतलं पाणी गेल्याशिवाय रंग नको, ऑइलपेंट तर नकोच. पाणी आत कोंडलं की बाहेर पडताना रंगालाच सोलून काढतं."

त्याच संध्याकाळी जावेने सांगून टाकलं, की खोली ती स्वतःच्या भावाला देणार. "बरं झालं, आपलंच माणूस," मावशी म्हणाली. मी तिथेच होते. असा संताप आला मला तिचा! माणसाने पडतं तरी किती घ्यायचं?

पडतं कसलं घेतेय! दुसऱ्या दिवसापासून ती शेडच्या बाजूने, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाणी मारू लागली. आतून भिंत कोरडी ठणठणीत दिसायची. गवंड्याचं बोलणं मावशीने कुणाला सांगितलं नाही, आणि जावेने घाईघाईत गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला.

भाऊ राहायला आला आणि भिंतीला फोड आले. मग पोपडे सुटले. त्याच्या अंथरुणात पोपडे, चहात पोपडे. जावेने पेंटरची खरडपट्टी काढली. त्या बिचाऱ्याने सगळं खरवडून पुन्हा रंग दिला. मावशीने त्याची शिडी धरली, आणि तो गेल्यावर पुन्हा पाइप धरला. मला पेंटरची कीव आली. मावशीला नाही आली.

"ही खोली आहे की विहीर?" म्हणत भाऊ खोकत निघून गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

"ताई, तुम्हीच राहा तिथे," जाऊ नाक मुरडून म्हणाली. "शेडमध्ये राहून तुम्हाला ओलीची सवय आहेच."

मावशी त्याच दुपारी खोलीत गेली. पाणी बंद केलं, अख्खा उन्हाळा खिडक्या उघड्या ठेवल्या. भिंत आतून-बाहेरून खडखडीत झाल्यावर त्याच पेंटरकडून साधा पांढरा रंग लावून घेतला. एक टवका उडाला नाही.

मग एके दिवशी जाऊ आली. भिंतीवरून तळवा फिरवत म्हणाली, "काय सुरेख झालीय हो! मी काय म्हणते ताई, माझा भाऊ पुढच्या महिन्यात..."

"येऊ दे की," मावशी म्हणाली. "भिंत पुन्हा ओली करायला मला असा किती वेळ लागतो?"

जावेचा तळवा भिंतीवरच थांबला. मावशीने तिला नीट समजू दिलं, घाई केली नाही. मग तिचा हात धरून तिला बाहेर नेऊन सोडलं आणि दार लावून घेतलं.