सासूबाईंनी सोप्यात मांडलेली खानावळ

लग्न होऊन मी शहरातल्या शाहूपुरीतून पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात आले, तेव्हा मला चुलीवरची भाकरीसुद्धा धड जमत नव्हती. सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. गड बघून उतरणारी माणसं आमच्या दारात पाणी प्यायला थांबत आणि इथं जेवायला कुठं मिळेल, असं विचारत. एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं हाय न्हवं? मग पाटी लिही. घरचं जेवण मिळंल म्हणून."

सासरे भडकले. "पावण्याच्या ताटाचं पैसं घ्यायचं? गाव तोंडात श्याण घालंल!"

सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली नाही. "देवाच्या दारात नारळ इकत्यात की. देव रुसला व्हय कधी?"

मी पाटी लिहून दारावर लावली, पण दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका दोन बहिणींना घेऊन आल्या. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, घोंगडं अंथरून आम्ही त्यांना पिठलं, भाकरी, दही आणि मिरचीचा खर्डा वाढला. पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या नाक पुसत म्हणाल्या, "आणखी वाढा."

सासरे अंगणात आमच्याकडे पाठ करून बसले होते. हात धुता धुता बाईंनी त्यांना विचारलं, "काका, गूळ कसा करतात हो? आम्ही कधी करताना बघितलाच नाही."

सासऱ्यांनी मान वळवली. मग पटका नीट करून उठले. "चला, दावतो. गुऱ्हाळ लांब न्हाय."

तिघी परतल्या त्या काकवीनं चिकट झालेले हात घेऊन. सासरे सगळ्यांत पुढं, अजून बोलतच होते. निघताना बाईंनी सासूबाईंच्या हातावर पैसे ठेवले. ती मूठ पदराखाली धरून त्या बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची अशी ती पहिली कमाई होती.

त्यानंतर गुऱ्हाळ दाखवायचं काम सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पाचसहा वर्षांत आमच्या गल्लीत आणखी दोघी जेवण करून घालू लागल्या. सोपा भरला की सासूबाई दारातूनच सांगायच्या, "पावणं, पलीकडच्या घरात जावा. तिच्या हातचं भरलं वांगं माझ्यापरास बरं हाय."

आणि वांग्याच्या बाबतीत ते खरंही होतं.