पहारेकरी जागा होईना

सगळे तिला बोर्डवाली म्हणतात. बाई पन्नाशीची, हट्टाच्या बाबतीत कुणालाही पुरून उरणारी. आधी रेडिओ दुरुस्त करायची, मग टीव्ही, आता लिनक्सवर चालणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरांसाठी, म्हणजे बोर्डांसाठी, सॉफ्टवेअर बांधून देते. म्हणजे शेकडो पर्यायांच्या यादीतून हवं ते निवडायचं, नको ते गाळायचं आणि उरलेल्याचा एक गठ्ठा करून बोर्डात भरायचा. एका वेळी एकच बदल, आणि तो आधी वहीत, हा तिचा नियम. न विचारणाऱ्यालाही ती तो ऐकवते.

वृद्धाश्रमातल्या खाटांच्या घंट्या तिच्याच बोर्डावर चालतात. खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या खोलीत घंटा वाजते. गेल्या महिन्यात भरदुपारी बोर्ड अडकला, म्हणजे हँग झाला. पाच नंबरच्या आजोबांनी अर्धा तास बटण दाबलं, शेवटी स्वतःच उठायला गेले आणि पडले. नशीब, गुडघ्यावर निभावलं. सरकारी तपासनिसांनी लिहून दिलं, गुरुवारी चार वाजता घंटेची खात्री पटली नाही तर वरचा मजला बंद, तिथल्या नऊ जणांची रवानगी सहा तासांवरच्या दुसऱ्या शहरात.

त्या नऊ जणांत बोर्डवालीची मावशी होती. आई गेल्यावर तिला या मावशीनेच वाढवलं. रोज संध्याकाळी मावशीशी तासभर भांडल्याशिवाय बोर्डवालीला अन्न गोड लागत नाही.

"माझं काय, भिंती कुठेही सारख्याच," मावशी म्हणाली. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

उपाय तसा साधा होता. बोर्डाच्या आतच एक पहारेकरी असतो. प्रोग्रामने दर दहा सेकंदांनी त्याला 'मी जागा आहे' असं कळवायचं. कळवलं नाही, की पहारेकरी बोर्ड बंद करून पुन्हा चालू करतो. यादीत तो निवडायचाच राहिला होता. मंगळवारी तिने तो निवडला, गठ्ठा बांधला, बोर्डात भरला, मग बोर्ड मुद्दाम अडकवून पाहिला. पहारेकरी ढिम्म. बुधवारीही ढिम्म. वहीत तेवीस बदल झाले. तिने बोर्डावर संशय घेतला, वायरीवर घेतला, बोर्ड बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांवर घेतला.

गुरुवारी सकाळी वृद्धाश्रमाच्या मेट्रनचा फोन आला.

"ताई, होईल ना हो?"

"होणार म्हणजे होणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग संतापाच्या भरात तिने प्रोग्रामच्या फाईलमध्ये मधोमध लिहिलं, 'ऊठ रे गाढवा'. असलं काही दिसलं की कॉम्प्युटरने बोंब ठोकून काम थांबवायला हवं. त्याने चार सेकंदांत निमूटपणे 'झालं' म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली. हा माझी फाईल वाचतच नाहीये!

तिने फाईलची तारीख पाहिली. पाच मिनिटांपूर्वी लिहिलेली फाईल आठ वर्षं जुनी. सोमवारी टेबल हलवताना तिने प्लग काढला होता, आणि आतला घड्याळाचा सेल केव्हाच संपलेला, म्हणून घड्याळ आठ वर्षं मागे गेलं होतं. न विचारता काही येऊन बिघडवायला नको म्हणून या कॉम्प्युटरला तिने इंटरनेट कधी दिलंच नव्हतं, मग त्याला वेळ सांगणार कोण? बांधणारा प्रोग्राम तारखा बघतो. फाईल आधीच्या गठ्ठ्याहून जुनी दिसली, की तिला हात लावत नाही. दोन दिवस ती तोच जुना गठ्ठा पुन्हा पुन्हा भरत होती.

बरं, कॉम्प्युटर गप्प होता का? मुळीच नाही. दर वेळी तो तारखांचा इशारा देत होता. पण 'कटकट नको, चुका तेवढ्या दाखव' असं म्हणून बाईंनीच इशारे बंद करून ठेवले होते, त्यालाही आता वर्षं झाली होती. दोष द्यायला खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. ती एकटीच मोठ्यांदा हसली आणि मग थोडं रडली.

घड्याळ लावलं, शिवी पुसली, जुनं सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. दोन तास लागले. इशाऱ्यांच्या चारशे ओळी आल्या, त्यातली एकही तिने सोडली नाही. अडीच वाजता बोर्ड अडकवला आणि मोजायला लागली. अकराव्या अंकाला बोर्ड आपोआप पुन्हा सुरू झाला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

चार वाजता वरच्या मजल्यावर तिने तपासनिसांसमोर बोर्ड अडकवला. ते मावशीला म्हणाले, "आजी, दाबा." मावशीने बटण दाबलं. काही नाही. तपासनीस घड्याळाकडे बघत राहिले. "आता परत दाबा." खालून घंटा खणखणली. त्यांनी तीनदा करायला लावलं आणि मगच सही केली.

"म्हणजे जायचं नाही?" मावशीने विचारलं.

"नाही गं."

मावशीने खाटेखाली बोट दाखवलं. बोर्डवालीने वाकून बघितलं तर गच्च भरलेली बॅग, आणि वरच्या कप्प्यात आईचा फोटो.

"आठ दिवस झाले. मेट्रनकडून भरून घेतली," मावशी म्हणाली. "तुला सांगू नको म्हटलं होतं तिला. आता काढ बाई सगळं बाहेर, मला वाकवत नाही."