निरसं दूध

आईला आमवात आहे. तीन वर्षं गोळ्या खाऊनही तिची बोटं सुजायची. सकाळी कपबशी धरवायची नाही. मग पुण्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू केलं. आधी छातीचा फोटो काढला, टीबीसाठी रक्त तपासलं. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय, त्याला हे औषध आवरतं. पण जंतूंशी लढायची ताकदही कमी करतं, असं ते म्हणाले. आईला नाही, मला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरात इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून दोन पानी इंग्रजी सूचनापत्रही माझ्याच हातात आलं.

घरी मी ते तिला समजावून सांगितलं. ताप असताना सुई घ्यायची नाही, आधी फोन करायचा, वगैरे. न उकळलेलं दूध पिऊ नये, ही ओळ मात्र गाळली. निरसं दूध ती प्यायची ते स्वतः धार काढताना, आणि धार काढणं तर कधीच सुटलं होतं.

चौथ्या सुईनंतर एका सकाळी ती गोठ्यात शेळीपाशी बसलेली दिसली. बोटं चालत होती.

"अगं बया, माझी नोकरीच गेली म्हनायची!" चुलती म्हणाली. इतके दिवस धार तीच काढायची.

"जा की मग. पगार कुठं मिळत हुता तुला?" आईने हसत ताज्या धारेचं फुलपात्र तोंडाला लावलं.

मी दारात उभी होते. सांगायला तोंड उघडलं आणि तिचं हसू बघून मिटलं. उद्या सांगू म्हटलं. रोज तेच म्हणत राहिले.

दीड-दोन महिने गेले असतील. सुईचा दिवस होता. पदर बाजूला करताना तिच्या पोटाला हात लागला, तो चटका बसल्यासारखा मी मागे घेतला.

"कधीपासून?"

"पाच-सहा दिस. सांजचा येतो, घाम आला की उतरतो. तू टोच. एक सुई चुकली तर बोटं पुन्यांदा आखडत्याल."

मी टोचलं नाही. सुई फ्रिजमध्ये ठेवली आणि अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तपशील विचारला: खोकला आहे का, वजन उतरलं का, कच्चं दूध पिण्यात आलं का.

"हो," मी म्हणाले. "रोज. निरसं दूध नको असं कागदावर होतं, मला माहीत होतं."

आता सुई अजिबात नको, उद्याच रक्त तपासायला आणा, ते म्हणाले. दुधातूनही आजार होतात, टीबीही पुन्हा बघावा लागेल. मी वळले तर आई उंबऱ्यात उभी.

"मला वाचाया येत न्हाई, म्हून तुला वाचाया लावलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिला खिडकीशी बसवून मी कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून सगळं मराठीत सांगत गेले. घाबरवणारंसुद्धा. ती मधे मधे "पुढं" एवढंच म्हणायची.

"एवढं सगळं हाय, तरी सुई घ्यायची?" तिने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले तर. ताप कशाचा ते कळल्यावर."

"मी घेईन. पर आता इच्यारून घेईन."

मी पान उलटलं. माझ्या खांद्याला लागलेला तिचा दंड अजून कढत होता.