गावाने धाडून दिलेलं कुटुंब

जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या आमच्या खेड्यात शेजारी एक निवृत्त पोस्टमन आजोबा राहायचे. गावाचा इतिहास त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला होता. कुठलंही घर दाखवा, पूर्वी तिथे कोण राहायचं ते सांगत, आणि शेवटी आपणच आपल्याला दुजोरा देत, "गेनाऊ!"

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आयोवाहून एक बाई आल्या. त्या आपल्या छोट्याशा गावाचा इतिहास लिहीत होत्या. ते गाव वसवणारं पहिलं कुटुंब इथून गेलेलं. आजोबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून मी दुभाषी.

"नव्या जमिनीच्या ओढीने ते निघाले, असं आमच्याकडे सांगतात," बाई म्हणाल्या.

आजोबांनी गावाचं जुनं दप्तर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "त्यांना सांगा, ते स्वतःहून गेले नाहीत. गरीब होते, गावाला नकोसे झाले होते. गावानेच त्यांना जहाजात बसवून दिलं."

मी हळूच म्हटलं, "अहो, एवढ्या लांबून आल्यात त्या. कशाला सांगायचं?"

"लांबून आल्यात म्हणूनच."

मी सांगितलं. आजोबा उठले, कोटाची बटणं लावली आणि मला मध्ये न घेता मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. गावाकडून."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आणि तरी त्यांनी गाव वसवलं," त्या म्हणाल्या. मग वही उघडली. "पहिल्यापासून सांगा. सावकाश."

दुपारभर आजोबा सांगत राहिले. मी एकही शब्द गाळला नाही.