वर्षभर गाळलेलं पाणी

आमच्या गावची बारव पायऱ्यांची. पाण्यात उतरूनच घागर भरायची, आणि नारू झालेले पायही त्याच पाण्यात बुडायचे. माझ्या नवऱ्याला नारू झाला तेव्हा ऐन पेरणीत तो दीड महिना खाटेवर पडून होता. अंबडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या. नारू म्हणजे दोऱ्यासारखा जंत, आज पाण्यातून पोटात गेलेला वर्षानं पायातून बाहेर पडतो.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिचे पाय वाचवायचे, एवढंच मी ठरवलं. एकदम सगळ्या घराला शिस्त लावायला गेले असते तर चार दिवसांत मोडली असती. म्हणून आधी फक्त पिण्याचा माठ. घागर डोक्यावरून उतरली की पहिलं काम फडकं बांधायचं, बाकी सगळं नंतर. ते अंगवळणी पडल्यावर शेतात न्यायच्या मडक्याचंही तसंच. महिन्या-दोन महिन्यांत हात न सांगता फडक्याकडे जायला लागला. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनंनं पान्याला बी सोवळं नेसवलं." म्हणू देत.

पाण्याची पाळी एक दिवस माझी, एक दिवस धाकट्या जावेची. तिचं बाळंतपण मी केलेलं. ती म्हणायची, "अक्का, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. मी बराबर गाळून राह्यले." तिच्या पाळीलाही दोरीवर ओलं फडकं दिसायचं. मला तेवढं पुरे होतं.

गाळायला लागून वर्ष उलटलं आणि मुलीच्या घोट्यावर फोड आला. फुटला, आणि आत पांढरा दोरा दिसला.

मी आधी स्वतःलाच दोष दिला. फडकं उन्हात धरून भोकं शोधली. एकही नव्हतं. मग पोरीला विचारलं, "बाहेर कुठं पाणी पिलीस?"

"न्हाई माय, घरचंच." मग माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाली, "काकू फडकं नुसतं भिजवायची, पिळायची अन् दोरीवर टाकायची. पानी तसंच ओतायची माठात. तुला सांगू नको म्हणली. मला गूळ द्यायची."

"किती दिवस?"

"तिच्या पाळीला रोजच."

जावेला चुलीपाशीच गाठलं. ती भाकरी थापायची थांबली नाही. "गाळायला लई येळ जातो, अक्का. सारं गाव तेच पानी पितंय, समद्यांना होतो का नारू? अन् आत्याबाईंना ठावं होतं की."

आत्याबाई म्हणजे सासूबाई. त्या शेजारीच डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी दोन्ही पाळ्या माझ्याकडे घेतल्या आणि जावेला दळण दिलं. तिनं लगेच हो म्हटलं. भांडायला मला वेळ नव्हता. नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायचा असतो. घाईनं ओढला तर आत तुटतो आणि पाय सडतो. ते काम मी कुणाच्या हाती दिलं नाही. सगळा निघाला, पण घोटा आखडला तो कायमचा.

त्या दिवसांतच एकदा काडी फिरवताना पोरगी म्हणाली, "माय, मी तुला आधीच सांगितलं असतं तर?"

मी म्हटलं, "पाय हलवू नको."