तुळजाबाईंच्या टाचेवरचा डाग

माझ्या सासूबाई तुळजाबाई म्हणजे मांजरी गावातला पायांचा दवाखाना. काटा रुतला, कुरूप झालं, की माणसं आमच्या ओट्यावर पाय पसरून बसायची. सासूबाई सुईनं काटा काढायच्या, मग बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायच्या आणि सुटलेल्या तेलाचा चटका त्या जागी द्यायच्या. कुणी कळवळलं तर म्हणायच्या, "वरडू नगं, मेला न्हाईस अजून." जागा काळी पडायची आणि कातडी निघाली की डागही जायचा. कुणी प्रेमानं चहाची पुडी आणली तर घ्यायच्या, पण आधी हुंगून बघायच्या.

त्या स्वतः जन्मभर उसात, कांद्याच्या वाफ्यात अनवाणी. चपला होत्या, पण त्या लग्नाकार्याला पिशवीतून जायच्या. शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या, आमचंही निम्मं रान त्यांत गेलं, तरी उरलेल्या रानात त्या अनवाणीच उतरायच्या. सणावारी अख्खी भावकी त्यांच्या पायावर डोकं ठेवायची, मीही ठेवायचे. पण पाया पडताना दिसतो तो पाय वरचा. तळवा कोण बघतो?

दिवाळीनंतर एका दुपारी त्या पालथ्या झोपल्या होत्या आणि मला त्यांच्या उजव्या टाचेवर डाग दिसला. रुपयाएवढा, वेड्यावाकड्या कडांचा, मधे काळाकुट्ट आणि एका अंगाला निळसर.

"आत्याबाई, हे काय झालंय?"

"बिब्ब्याचा डाग हाय. कुरूप झालं व्हतं."

"कधी लावला होता?"

"गुढीपाडव्याला."

गुढीपाडव्याचा बिब्बा दिवाळीपर्यंत राहतो? नवऱ्याला, जयसिंगला सांगितलं, तर तो म्हणाला, "विजयमाला, तू आईला पायाचं शिकवणार?" मायलेकरांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण शहाणपण दोघांत मिळून एकाचंच. मी रोज त्या झोपल्या की टाच बघू लागले. डाग पसरत होता. एकदा चादरीवर रक्त दिसलं, तेव्हा मात्र मला राहवेना. माझ्याच अंगाला खाज सुटते असं खोटं सांगून मी त्यांना सोबत म्हणून हडपसरच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

आत गेल्यावर मी माझी खाज सोडून त्यांची टाच पुढं केली. डॉक्टरांनी टाचेवर भिंग धरलं आणि दिवा जवळ ओढला.

"तुकडा काढून तपासायला लागेल," ते म्हणाले.

"उन्हानं झालं का हो?" मी विचारलं.

"मला शंका आहे तो आजार गोऱ्या लोकांत जास्त, आणि तो बहुतेक उन्हानं होतो. पाठीवर, पोटरीवर. आपल्याकडे कमी दिसतो, पण होतो तो बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली. तिथं कुणी बघत नाही, म्हणून माणसं उशिरा येतात."

उशिरा म्हणजे किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या भाजीत दोनदा मीठ पडत होतं. आणि सासूबाई ओट्यावर बसून शेजारच्या भैरूच्या पायाला बिब्बा लावत होत्या! तो दिवा उचलून गटारात फेकावा असं वाटलं मला.

रिपोर्टात कातडीचा कॅन्सर निघाला. टाचेचं मांस काढायचं आणि जांघेतली एक गाठ तपासायची, असं डॉक्टरांनी आम्हा तिघांना समजावलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "टाच दिऊन रानात काय सरपटत जाऊ? ऱ्हाऊ द्या." आणि त्या दाराकडे निघाल्या.

"आजी, थांबलात तर तो वर चढेल," डॉक्टर म्हणाले. "जांघेत मोठी गाठ येईल. मग इलाज हातात राहत नाही."

त्या दाराशी थांबल्या. "म्हंजी जांघंत अवधाण येतं? आन मानूस वाळत जातं?"

"हो. कुणाचं विचारताय?"

"आनंदी. माझी धाकटी भन. लोणीला दिली व्हती." त्या परत खुर्चीत बसल्या. आनंदीमावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा आम्ही सगळे कावीळ म्हणत होतो. "तिच्या अंगठ्याखाली असलाच काळा डाग व्हता. म्या बिब्बा लावला. बरं हुईना, म्हनून परत लावला."

"त्यांना न बघता मला तसं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. खरंच होतं ते, पण त्यांचं ऐकत होतं कोण?

"कापा," सासूबाई म्हणाल्या. "पर आधी सुनीतीला बोलवा. तिला माझ्या तोंडनं कळू द्या."

सुनीती ही आनंदीमावशींची लेक, विश्रांतवाडीला असते. ऑपरेशनच्या सकाळी ती दवाखान्यात आली. सासूबाईंनी काही न लपवता सांगितलं. ती ओरडेल, निघून जाईल, या भीतीनं मी दाराशीच उभी राहिले.

"मावशी, मी आईला डॉक्टरकडे न्यायला दारात रिक्षा आणली होती," ती म्हणाली. "ती बसली नाही. म्हणाली, आक्का लोणीला येणारंय, तिच्या हाताला गुण आहे."

सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला. आत न्यायला माणसं आली तरी त्या तो सोडेनात. मी त्यांचा हात धरला, पण त्यांनी माझा धरला नाही. गाठीत काय निघेल याचीच मला तोवर धास्ती होती. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, यांना आता बरं व्हायचंय तरी का?